कुमारिकेचे पाय

"पाय धुताना मान खाली. पायांकडे बघायचं, तोंडाकडे नाही."

हे माझ्या आईचं सांगणं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी कुमारिका पाटावर बसल्या की ती माझ्या कानाशी पुटपुटायची. मी लहान, तांब्या धरून तिच्या मागे उभी. तोंडाकडे का नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, तोंड बघितलं की कुणाची पोर ते आठवतं आणि मग आपण भेद करतो. पाय सगळे लक्ष्मीचेच.

पटलं की नाही ते सांगता येणार नाही, पण अंगवळणी पडलं. माझे तसे रोजचे नेम बरेच आहेत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, दुपारी विष्णुसहस्रनाम, आणि दिवा लागल्यावर घरात चढ्या आवाजात बोलायचं नाही. आमचे हे म्हणतात, "रमा, तुझे नेम म्हणजे आपलं रेशनकार्ड. नावं चढतात, उतरत नाहीत." ह्यांना थट्टा करायला आवडते, आणि मला नेम करायला. नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये आमचं एकूण बरं चाललं आहे.

यंदा अडचण कुमारिकांची झाली. उद्यापनाला पाच हव्यात, आणि इमारतीतल्या मुली संध्याकाळी एक तर क्लासला, नाही तर स्केटिंगला. चौघी मिळाल्या. पाचवीची चिंता डोक्यात असतानाच आदल्या बुधवारी मी खाली गेटवर मासळी घ्यायला गेले. मी खात नाही, पण ह्यांना लागते. रंभा तिथे टोपली घेऊन बसते, खाडीकाठच्या गावाची, गेली कित्येक वर्षं तीच. भोवती चार बायका, शेजारची कुमुदही होती. मी सहज म्हटलं, "रंभा, तुझ्या किशोरीला घेऊन ये ना गुरुवारी. एक कुमारिका कमी पडतेय."

रंभाचा विळीवरचा हात थांबला. अगदी क्षणभर. मग ती म्हणाली, "आणते की."

तो थांबलेला हात मला तेव्हा दिसला होता. पण अर्थ लावायचं सुचलं नाही.

गुरुवारी दिवेलागणीच्या जरा आधी दोघी आल्या. रंभाने जांभळी साडी नेसली होती आणि डोक्यात अबोलीचा गजरा होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळी कोण घेणार, त्यामुळे तिला या दिवशी सुट्टी असते. आणि सुट्टी असो नसो, तिचाही उपास असतो. तिच्या घरीही कलश मांडलेला असतो, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं.

"टोपलीशिवाय ओळखूच आली नाहीस गं," कुमुद म्हणाली.

"तुमी टोपलीच बघता, वयनी. टोपलीमागं रंभा हाय, ते कवा बघितलं?"

बायका हसल्या. कुमुद काही कमी नाही. "बरं आहे बाई, देवीला मासे चालत नाहीत. तेवढीच तुला विश्रांती."

"तुमच्या देवीला पथ्य हाय. आमची आई सगलं खाते."

पुन्हा हशा. किशोरी मात्र दाराजवळच उभी होती. सैल पंजाबी ड्रेस, ओढणी पुढून पूर्ण घेतलेली. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून रंभाने गेटवर पेढे वाटले होते, तेव्हाची ती मला आठवत होती. काटकुळी, दोन वेण्या. आता चेहरा भरला होता. पोरी भरतात या वयात, असं मनात आलं आणि मी तिला पाटावर बसवलं.

परात घेतली, कोमट पाणी घेतलं. पहिल्या चौघी लहान. त्यांना पायाला पाणी लागलं की गुदगुल्या होतात. एकीने तर पाय परातीत आपटून माझी साडी भिजवली. मग किशोरी. तिने पाय मागे घेतले.

"राहू दे ना आजी. माझे पाय मळलेत."

"मळलेलेच तर धुतात," मी म्हटलं आणि मान खाली घातली.

अंगठ्याशेजारच्या बोटावर एक फिकट वळ होता. दोन्ही पायांना. बोट सगळं सावळं आणि तेवढीच एक पट्टी उजळ, किंचित दबलेली. जोडवी असतात तिथे. महिनोन्‌महिने घातलेली आणि नुकतीच काढलेली. मी टॉवेलने पाय टिपला तेव्हा माझा अंगठा तिच्या घोट्यावर जरा दाबला गेला, आणि उचलला तरी त्याचा खळगा तिथेच राहिला. ओल्या मातीवर बोट उमटावं तसा.

हा खळगा मी पूर्वी पाहिला होता. माझी सून अनुया हिच्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी असंच बोट दाबून पाहिलं होतं, आणि त्याच दिवशी तिला भरती करून घेतलं होतं.

मी मान वर केली. किशोरी माझ्याकडेच बघत होती. पापण्या सुजलेल्या. तिने मान हलवली, नाही म्हणतात तशी, कुणाला दिसणार नाही इतपत. बाजूच्या चौघींचं लक्ष सफरचंदांकडे होतं.

माझ्या हातात कुंकवाची कोयरी होती, आणि खरं सांगते, मला आधी पोरीची काळजी वाटली नाही. आधी प्रश्न पडला. कुमारिकेला फळ आणि पोथी द्यायची, सवाष्णीची ओटी भरायची. ही कोण? कायद्याला विचारलं तर ती लहान मूल. तिच्या गावाला विचारलं तर कुणाची तरी सून. आणि देवीला विचारलं तर? मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, सफरचंद हातात दिलं आणि म्हटलं, "आत माझ्या खोलीत जरा पड जा. थकलेली दिसतेस."

मग मी रंभाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"लग्न कधी केलंस तिचं?"

रंभाने एकदम देव्हाऱ्याच्या दिशेने पाहिलं. तिथून कलश दिसत होता. "वैशाखात. देवलात."

"मग सांगायचं नाही का? मी दुसरी मुलगी शोधली असती."

"गेटवर सगल्यांसमोर इचारलंत काकू. नाय म्हणले असते तर का नाय, म्हणून इचारलं असतं. कुमुदवयनीचं तोंड तुमाला ठाव हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "काल रात्री जोडवी काढली तिची. उपास करून देवीला फशवलं मी. आता माझ्याच पोरीवर यायचं ते."

"कितवा?"

"सातवा लागलाय."

"आणि डॉक्टर?"

रंभा ओट्यावरच्या प्रसादाच्या वाट्या उगाच सरळ करत राहिली.

हळूहळू निघालं ते असं. मुलगा जीवन, त्याच गावचा, उरणकडे कंटेनरच्या गोदामात कंत्राटावर कामाला. दोघांचं बोलणं सुरू होतं. ते गावात कळलं. रंभा पहाटेच मासळी आणायला बाहेर पडते, तिचा नवरा काशिराम रात्रपाळीचा वॉचमन. घरात पोर एकटी. "खाडीत मासा होता तवा बाप घरी असायचा," रंभा म्हणाली. मग गावकीतली चार माणसं आली, नाव खराब व्हायच्या आत देवापुढे उभं करा म्हणाली. आठवड्यात हार घातले. अठरा पूर्ण व्हायला अवकाश होता, पण देवापुढे लागलं की लागलं.

"दवाखान्यात वय इचारतात," रंभा म्हणाली. "कमी असलं की त्यांना पोलिसांत कळवावंच लागतं. आमच्यातल्या परेशचं तेच झालं. बायको आत बाळंत झाली आनि ह्याला बाहेरच्या बाकड्यावरून उचलला. पोरगं रांगायला लागलं तवा सुटून आला. तवापास्नं आमच्याकडं कोन जात नाय. सुईन हाय एक. नाय तर प्रांजलचं आधारकार्ड हाय, माझ्या पुतणीचं. ती बावीसची. तिच्या नावावर न्यायची, असं ठरलंय."

मी पाणी प्यायचं निमित्त करून खिडकीशी गेले. मला विचार करायला खिडकी लागते.

माझी आई सोळाची असताना माझा थोरला भाऊ झाला. तिच्या डोहाळजेवणाचा फोटो आमच्याकडे आहे, फुलांचा मुकुट, हातात धनुष्यबाण, चेहरा अगदी शाळकरी पोरीचा. गाव जेवलं होतं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि आमच्याच इमारतीत, मागच्या विंगमध्ये, बारावीतली एक मुलगी दोन वर्षांमागे अचानक पुण्याला मावशीकडे गेली. कावीळ झाली म्हणाले. मी तिच्यासाठी रोज एक अध्याय जास्त वाचत होते. अनुयाने शेवटी एकदा सांगितलं, "आई, कावीळ नव्हती ती." मी म्हटलं, मग काय होतं? तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

म्हणजे पोटं एकाच वयाची. एकीला मुकुट, एकीला कावीळ, आणि एकीची जोडवी रातोरात काढली. पेपरात कधी येतं, अमुक भागात अल्पवयीन मातांचं प्रमाण इतकं. ते मोजणाऱ्यांनी पुण्याची कावीळ कुठे मांडली असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

हे धर्माने होतं म्हणावं, तर रंभा आणि मी एकाच देवीचा उपास धरतो, एकच पोथी वाचतो. गरिबीने होतं म्हणावं, तर तीच मला मागे सांगत होती, गावात ज्यांच्या जमिनीचे पैसे आले त्यांच्या घरची लग्नं उलट आधीच लागली, मांडव तेवढा मोठा झाला. रीत म्हणावी, तर माझ्या आईची तीच रीत होती, आणि मला मात्र तिने बी. ए. होईपर्यंत कुणाला दाखवलं नाही. प्रत्येक कारण थोडं थोडं पुरतं आणि मग तोकडं पडतं, आखूड पांघरुणासारखं. पुण्याला मावशी असली की एक होतं, नसली की दुसरं, एवढं मात्र मला दिसलं.

खोलीत गेले तर किशोरी पडली नव्हती, पलंगाच्या कडेला बसली होती. सफरचंद हातात तसंच.

"डोकं दुखतं का?"

"दोन दिवस. आणि डोळ्यांपुढे चमचम होते मधूनच." मग घाईघाईने, "आईला नका सांगू. ती घाबरते."

मी शेजारी बसले. विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. "किशोरी, तुला हे हवं होतं का?"

"काय? लग्न की हे?"

"दोन्ही."

तिने खरंच विचार केला. "जीवन हवा होता," ती म्हणाली. "बाकीचं त्याच्या मागून आलं. अकरावीला मी पनवेलला यायची, कॉमर्सला. लग्न झाल्यावर सासू म्हणाली, आता कशाला. मग सगळे विचारायला लागले, काही आहे का, काही आहे का. झालं तेव्हा सगळे खूश होते. मग परेशभाऊंची आठवण झाली आणि सगळे गप्प बसले."

"कॉलेजात कुणी काही सांगितलं नव्हतं? शाळेत?"

"पुस्तकात धडा होता. मॅडम म्हणाल्या, हा घरी वाचून या." ती जराशी हसली. "तुमच्या वेळी?"

"आम्हाला धडाही नव्हता."

अनुया दारात आली होती. तिचं घरूनच ऑफिसचं काम चालू असतं, कानात ते यंत्र. किती ऐकलं कोण जाणे. तिने ह्यांचं रक्तदाब मोजायचं मशीन आणलं, किशोरीच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला तसा तिने पुन्हा एकदा मोजला. मग मशीन बंद केलं आणि मला बाहेर बोलावलं.

"आई, हिला आता न्यायला हवं. उद्या नाही. झटका येऊ शकतो. दोघांनाही धोका आहे."

रंभा मागेच उभी होती. तिला सगळं कळलं. ती खाली फरशीवर बसली. बाहेर हॉलमध्ये बायका बोलत होत्या, कुमुद कुणाला तरी खोबऱ्याच्या वड्या आळून कशा येतात ते समजावत होती.

"काकू," रंभाने माझा पदर धरला, "तुमी चला संगती. आमाला कोन इचारत नाय, तुमाला बघून गप ऱ्हातील. तुमी एवढंच बोला, माझ्या वलखीची हाय, बावीसची हाय. कार्ड माझ्याकडं हाय प्रांजलचं. तुमी बोललात की झालं. तुमी खोटं बोलाल असं कुनाला वाटनार पन नाय."

हे तिचं बरोबर होतं. कुणालाच वाटलं नसतं. मी एखादा नेम कधी मोडला असेल, पण खोटं बोलायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही; त्यात माझं पुण्य काही नाही, वेळच आली नाही. आणि आता मला कळेना की या पोरीच्या जिवापुढे माझं खरं म्हणजे नक्की किती मोठं.

अनुया म्हणाली, "मावशी, दुसरीच्या नावावर नेलं तर कागदावर दुसरीचा रक्तगट, दुसरीचं सगळं. रक्त लागलं तर? आणि काही झालं तर किशोरी नावाची बाई तिथे आलीच नव्हती, असं होईल."

"आनि खरं सांगितलं तर जीवन आत जाईल. मंग हिला कोन? पोराला कोन?"

 अनुया मोबाइलमध्ये कुणाचा तरी नंबर शोधायला लागली. 

"आजी," किशोरी दाराला धरून उभी होती, "मी माझ्याच नावाने जाईन."

"गप बस तू," रंभा म्हणाली.

"आई, मला दिसत नाय नीट. तुझं तोंड पण अर्धं दिसतंय." एवढा वेळ ती पुस्तकातल्यासारखं बोलत होती, आता घरचं बोलली. "प्रांजलताई म्हणून मरू का मी?"

रंभाने पदर तोंडात धरला.

किशोरीने जीवनला फोन लावला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. दवाखान्यात चाललेय. खरं सांगणारे. नाही, कार्ड नाही नेत. तू पळू नको, पळालास की वाईट दिसेल. मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला.

"दवाखान्याच्या गेटवर येऊन थांबतो म्हणाला. मग म्हणाला, भीती वाटते."

"मला एक वकीलबाई माहीत आहेत," अनुया म्हणाली, "अशा केसमध्ये बोलतात. मी लावते फोन. सुटेलच असं नाही सांगत मी."

किशोरी माझ्याजवळ आली. उंचीने ती माझ्याएवढीच आहे, हे तेव्हा लक्षात आलं. "आजी, पोलीस आले ना, तर सगळे बाजूला होतात. परेशभाऊच्या वेळी त्याची सख्खी आत्या उठून चहा प्यायला गेली. तुम्ही नाही ना उठणार?"

मी विचार करायला हवा होता. सोसायटी, ह्यांची तब्येत, साक्षीला बोलावतील का, पेपरात येईल का. हे सगळं मला सुचलं, पण मागाहून.

"नाही उठणार," मी म्हटलं. "तुला विचारतील तेव्हा तुझ्या बाजूला असेन. मला विचारतील ते खरं सांगेन, की ही चांगली मुलगी आहे आणि तिला स्वतःच्या पायांनी यायचं होतं. बाळ होईपर्यंत, आणि नंतरही, बोलावशील तेव्हा येईन."

"शब्द?"

"शब्द."

हॉलमध्ये आरतीचं तबक तयार होतं. पोथीचा शेवटचा अध्याय वाचायचा राहिला होता आणि मी सकाळपासून पाण्यावर होते. उपास आरतीनंतर सोडायचा असतो. मी तबक अनुयाच्या हातात दिलं. तिला आरती पाठ नाही, पण कुमुदला येते.

"अगं, चाललीस कुठे?" कुमुदने विचारलं. "देवी मांडलेली आहे आणि यजमानीणच बाहेर?"

"येते जाऊन."

तिची नजर माझ्यावरून किशोरीवर गेली, तिच्या ओढणीवर, मग पायांवर. तोंड उघडलं. आणि आश्चर्य म्हणजे ते तिने मिटलं. पुढे होऊन तिने कपाटावरची माझी शाल काढली आणि किशोरीच्या खांद्यावर टाकली. "गार आहे बाहेर," एवढंच म्हणाली.

आमचे हे आतल्या खोलीतून चष्मा शोधत आले. त्यांना अनुयाने सांगितलं असावं, कारण थट्टा केली नाही. "मी येऊ का?"

"तुम्ही इथेच बसा. अजून बायका येतील, त्यांना हळदकुंकू लावा."

"मी?"

"लहान मुली लावतात. तुम्हालाही येईल."

पिशवीत पाण्याची बाटली टाकली, एक चादर, अनुयाने लिहून दिलेला वकीलबाईंचा नंबर. किशोरीचं स्वतःचं आधारकार्ड रंभाच्या कमरेच्या पिशवीत होतं, प्रांजलच्या कार्डाबरोबर. रंभाने दोन्ही बाहेर काढली, प्रांजलचं परत आत ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. 

लिफ्ट बंद होती. मी पुढे उतरत होते, एकेक पायरी, आणि किशोरीचा हात माझ्या खांद्यावर होता, कारण तिला पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नव्हत्या. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. तळाशी पोचल्यावर मी वॉचमनला रिक्षा थांबवायला सांगितलं. रिक्षावाल्याने कुठे म्हणून विचारलं.

"सरकारी दवाखान्यात," मी म्हटलं, "आणि जरा सावकाश घ्या."

रंभा एका कडेला बसली, मी दुसऱ्या, किशोरी मध्ये. मी तिचा हात हातात घेतला आणि रिक्षा निघाली.